जबडा म्हणजे नुसती बिजागरी नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत जबडेदुखीवर लेख आला, हे चांगलं झालं. कानापुढच्या या सांध्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. पण जबडा दाराच्या बिजागरीसारखा उघडतो-मिटतो, एवढं सांगून लेखाने विषय संपवला आहे. मी नागपुरात धंतोलीतल्या एका दंतप्रयोगशाळेत कवळ्या बनवतो. बिजागरीच्या हिशेबाने केलेली कवळी भाकर चावताना कशी उचलते, ते आमच्या कामात सारखं समोर येतं. म्हणून हे पत्र.

वाचकांनी दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवावं आणि तोंड सावकाश उघडावं. आधी बोटाखालचं हाड बरंचसं जागच्या जागी फिरतं. समोरचे दात साधारण २० ते २५ मिलिमीटर दूर होईपर्यंत बहुतेक काम या फिरण्यावरच भागतं. इथवर बिजागरी म्हटलं तर चालेल. त्यापुढे जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं, की हाडाचा गोलसर माथा खोबणीतून निघून समोरच्या उंचवट्यावरून पुढे आणि खाली घसरतो. बोटाखाली खळगा लागतो तो त्यामुळे. मोठ्या माणसाचं निरोगी तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे जवळपास निम्मं उघडणं या घसरण्याच्या जोरावर आहे. हाडाचा माथा आणि कवटी यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. फिरणं चकतीच्या खाली होतं, घसरणं चकतीच्या वर, आणि घसरताना चकतीही माथ्याबरोबर पुढे जाते.

शिवाय खालचा जबडा हे एकच हाड, आणि त्याला सांधे दोन. उजवा हलला की डाव्याला हलावंच लागतं. ज्वारीची भाकर उजव्या दाढांखाली घेतली, की उजवा माथा जागेवर फिरतो आणि डावा पुढे, खाली, आतल्या बाजूला सरकतो. हनुवटी सरळ वर-खाली जात नाही. ती उजवीकडे झोल घेऊन परत येते. नॉर्मन बेनेट नावाच्या इंग्रज दंतवैद्याने १९०८ मध्ये स्वतःच्याच जबड्याच्या हालचाली टिपून दाखवलं, की ज्या बाजूने आपण चावतो तिकडचा माथाही थोडा बाहेर सरकतो. या सरकण्याला आजही त्याचंच नाव आहे.

आमच्याकडे रुग्णाच्या जबड्यांची प्लास्टरची मॉडेलं आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, चढवतात. साधा आर्टिक्युलेटर खरोखरच बिजागरीवर चालतो, फक्त उघडतो आणि मिटतो. त्यावर दात छान जुळतात, समोरून कवळी देखणी दिसते. मग चार दिवसांनी कवळी परत येते, सोबत निरोप: ‘समोरून बरोबर बसते भाऊ, पण बाजूनं चावलं का उचलते.’ चांगल्या आर्टिक्युलेटरवर सांध्यातल्या उंचवट्याचा उतार बसवता येतो. त्यासाठी डॉक्टर रुग्णाला जबडा पुढे काढून मेण चावायला लावतात. जबडा पुढे आला की माथे उतारावरून खाली येतात आणि मागे दाढांमध्ये फट पडते, ती मेणात उमटते. क्रिस्टेन्सन नावाच्या दंतवैद्याने १९०५ मध्ये दाखवलेली ही फट आहे. मेणाचा तो तुकडा मॉडेलांमध्ये ठेवून उतार जुळवला, की दाढांचे उंचवटे किती ठेवायचे ते कळतं. डॉक्टरांनी एवढा वेळ दिलेली कवळी सहसा परत येत नाही.

आता दुखण्याकडे येतो. चकती पुढे निसटली, तर तोंड उघडताना माथा तिच्याखाली उडी मारून शिरतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुतेकदा उपचार लागत नाहीत. दुखलं तर ते कानातच दुखतंय असं वाटतं, कारण सांधा कानाला अगदी चिकटून आहे. कितीतरी जण महिनोन्‌महिने कानात थेंब टाकतात. कान साफ आहे म्हणून सांगितलं गेलं असेल, तर दंतवैद्याला सांधा जरूर दाखवावा. चकती अडकूनच बसली तर तोंड अर्धवटच उघडतं आणि हनुवटी दुखऱ्या बाजूला झुकते. याउलट जांभई देताना माथा उंचवट्याच्या पुढे निघून गेला, तर तोंड मिटतच नाही. तेव्हा हनुवटी वर ढकलून उपयोग नाही. माथा आधी खाली आणि मग मागे न्यावा लागतो, आणि ते जाणत्या हातांचं काम आहे. घरी हिसके देऊ नयेत, सरळ दवाखान्यात जावं.

नागपुरात मात्र तोंड न उघडण्याचं दुसरंच कारण जास्त भेटतं, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. ते म्हणजे पन्नीत घोटलेला खर्रा, सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण. त्यातल्या सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं, बोट फिरवलं तर दोऱ्या लागतात. सुरुवातीला सावजीचा रस्सा तोंडाला झोंबायला लागतो. पुढे तीन बोटं मावत नाहीत, मग दोनही नाहीत. सांधा ठीक असतो, पण गाल त्याला घसरू देत नाहीत. अशा तोंडात माप घ्यायचा ट्रेसुद्धा जात नाही, म्हणून आम्हाला तो दोन तुकड्यांत करून द्यावा लागतो. तो तोंडात आत जोडायचा आणि सुटा करून बाहेर काढायचा. असे ट्रे तरुण पोरांसाठी करताना जीव तुटतो. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तरी धोका टळत नाही.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या पुरवणीत या सांध्याची दोन चित्रं शेजारी-शेजारी छापावीत: एक अर्धं तोंड उघडलेलं, माथा खोबणीत; दुसरं पूर्ण उघडलेलं, माथा उंचवट्याखाली. सोबत तीन बोटांची चाचणी द्यावी. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, तर दंतवैद्याला दाखवावं, एवढी ओळ ठळक छापली तरी पुरे.

आपला,
एक दंत-तंत्रज्ञ, धंतोली, नागपूर