रेवाला स्वार मिळवून देणाऱ्या नालबंद मामांना

मामा,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "ऱ्हाऊ द्या दादा" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमचा मुलगा वाचून दाखवेल.

मणक्याचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी घोड्यावर बसणं कायमचं बंद केलं, तेव्हा पहिली आठवली ती माझी घोडी रेवाच. २०१६ला दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याला तापीकाठी तिला घेतलं होतं. दातांवरून चार वर्षांची ठरली. कुमेत म्हणजे तांबूस रंग, टोकं एकमेकांना भिडणारे काठेवाडी कान, आणि स्वाराला हिसका न देणारी रेवाल चाल. त्या चालीवरूनच नाव पडलं. पौडच्या पुढे कोळवण खोऱ्यात, तिकोन्याच्या पायथ्यापर्यंत, ज्या पायवाटांनी आम्ही हिंडलो तिथले ओढे आणि घसरडे दगड माझ्यापेक्षा तिलाच जास्त पाठ.

पण ती सगळ्यांची घोडी नव्हे. तोंड फार हळवं. लगाम सैल ठेवून बैठकीनं आणि मांडीनं सांगितलं तर कुठूनही वाट काढते, खेचला की मागच्या दोन पायांवर उभी राहते. नवखा माणूस घाबरला की पहिल्यांदा लगामच आवळतो. तिथं त्याचा जीवही जाऊ शकतो. आणि ठाणावर नुसती बांधून ठेवावी, तर दोन महिन्यांत ती उभ्या जागी डुलायला लागली, दावं चावायला लागली. तेरा वर्षांची घोडी, धड सांभाळली तर अजून कितीतरी वर्षं चालेल. तिला उभं ठेवणं हीच शिक्षा होती.

म्हणून ती विकायला मी जाहिरात लिहिली, 'शांत, समजूतदार घोडी', आणि तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही तिचा खूर मांडीवरून खाली सोडलात, सुरी बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "दादा, खोडी पहिल्या लिहा. गुण ती सोता दावंल." मला लाज वाटली, मामा. लवकर घर मिळावं म्हणून मी खोटं लिहिलं होतं, आणि त्या खोट्यापायी कुणाची तरी मान मोडली असती.

मग माणसं येत गेली. एकाला वरातीत नाचवायला हवी होती, एकाला पर्यटकांच्या फेऱ्यांना. दोघांना मीच परत पाठवलं. तिसरे गृहस्थ पंधरा वर्षांच्या मुलासाठी आले. माणसं भली, तबेला मोठा, किंमतही मी सांगितली त्याहून जास्त. मी हो म्हणणारच होतो. तुम्ही म्हणालात, पोराला आधी खरारा करू दे. रेवानं कान मागे टाकले आणि पोरानं घाबरून तिचं मुसकं घट्ट धरलं. तुम्ही वडलांना तोंडावर सांगितलंत, "दोन वर्सं शिकवा, मग असली घोडी द्या." ते नाराज होऊन गेले. मीही त्या दिवशी तुमच्यावर चिडलो होतो, हे आज कबूल करतो.

त्यानंतर महिनाभर, जिथं जिथं नाल मारायला गेलात तिथं तिथं तुम्ही विचारत राहिलात. खटावकडचे ते निवृत्त सवार तुम्हीच शोधलेत. जयपूरच्या ६१व्या कॅव्हलरीत, लष्कराच्या घोडदळात, नोकरी झालेला माणूस. राजपूत आणि राजस्थानातल्या कायमखानी मुसलमानांच्या जोडीनं आपली मराठा पोरंही तिथं भरती होतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आल्यावर तासभर ते तिच्यावर बसलेच नाहीत. चारही पायांवरून हात फिरवला, पुढच्या उजव्या खुराची जुनी चीर पाहिली, स्वतःचा जाड, गुळगुळीत कडीचा लगाम चढवला. मग ओढा ओलांडून वर गेले आणि दुडक्या चालीत परतले तेव्हा लगाम एका हातात, सैल. तुम्ही एवढंच म्हणालात, "ह्यो स्वार."

टेम्पोत चढवायच्या आधी तुम्ही तिचे मागचे नाल काढलेत, वाटेत लाथ झाडली तरी स्वतःला लागू नये म्हणून. खाली वाळू आणि पेंढा पसरलात. आणि कात्रज, खंबाटकी, दोन्ही घाट तिच्या तोंडाशी उभे राहून गेलात. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून रडत होतो. खटावला पोचल्यावर दलाली पुढे केली, तर तुम्ही फक्त नालांचे पैसे मोजून घेतलेत.

परवा त्यांचा फोन आला. रेवा रोज सकाळी माळावर जाते, दाण्याची चंदी सगळी खाते, डुलणं थांबलंय. पुढच्या महिन्यात नाल बदलायला तुम्हालाच बोलावलंय म्हणे. मामा, गाडीत माझ्यासाठी जागा ठेवा. गूळ मी घेऊन येतो.

तुमचा,
रेवाचा जुना धनी