औषधाचा खर्च योजनेत आला, आता कॅन्सर रुग्णाच्या खाण्याचंही बघा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार होतात, तिची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. आमच्या जिल्ह्यात त्यामुळं कितीतरी घरांची शेतं वाचली, हे आधी नोंदवतो. पण उपचार चालू असताना माणूस खातो काय, हे कुणी विचारत नाही.

माझ्या थोरल्या भावाला तोंडाचा कॅन्सर. रेडिएशननं तोंड सोललेलं. तांबडा रस्सा राहू दे, साधं वरणही झोंबायचं. केसपेपरवर वजन एकदाच लिहिलेलं, भरती करताना. सल्ले मात्र भरपूर. दूध-साखर तोडा, गाठीला खाद्य मिळतं, म्हणून एक पाहुणा सांगून गेला. दुसऱ्यानं प्रतिकारशक्तीच्या पावडरीचा महागडा डबा गळ्यात मारला.

सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं की डॉक्टर ते धोक्याचं मानतात. ६० किलोच्या माणसाचे म्हणजे फक्त ३ किलो! यात स्नायूही झिजतात, मग केमो सोसत नाही. अशा रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दूध, अंडी, शेंगदाण्याचा कूट, तूप घातलेली मऊ खिचडी यांतून बरंचसं भागतं. तेवढं जात नसेल तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेला पूरक आहार, गिळताच येत नसेल तर नळी. पूरक आहारानं गाठ बरी होत नाही, आयुष्य वाढतं असंही सिद्ध झालेलं नाही. काहींना जरा बरं वाटतं, भूक सुधारते. अंथरुणावरच्या माणसाला तेही थोडं नसतं.

क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. कॅन्सरवाल्याला पोट नसतं का?

प्रत्येक केमोला वजन लिहिणं सक्तीचं करा. आहारतज्ज्ञाचा सल्ला आणि लिहून दिलेला पूरक आहार योजनेच्या पॅकेजमध्ये धरा. सुरुवात कोल्हापुरातून झाली तर आनंदच. आणि कॅन्सर बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी असे डबे राजरोस खपतात. अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात नाही, ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत शेजारच्या खुर्चीशी बोलता येईलच की.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ, कोल्हापूर