अनुकृती करायची ती थरांची

संपादक महोदय,

तैलरंगातले व्यक्तिचित्र शिकण्यासाठी जुन्या चित्राची अनुकृती करून घेतात, ते योग्यच आहे. पण मोबाइलवरचा फोटो पाहून चौकोन आखायचे, ट्यूबमधला तयार ‘त्वचेचा रंग’ भरायचा आणि वरून पापण्या गिरवायच्या, याला शिकणे म्हणवत नाही. त्यात चित्राचा फक्त सर्वांत वरचा थर उतरतो.

सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मिअर याचे ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे चित्र यासाठी वारंवार निवडले जाते. मूळ चित्र ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचे आहे. कॅनव्हास तेवढाच घ्यावा. मोठा घेतला की ब्रशच्या फटक्याचे आणि रंगाच्या जाडीचे प्रमाण बिघडते. (पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एखाद्या मूळ चित्रासमोर अनुकृती करायला बसणाऱ्यांना माप बदलावेच लागते, नक्कल अस्सल म्हणून खपू नये म्हणून. फोटोवरून शिकणाऱ्याला ते बंधन नाही.)

आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग कॅनव्हासभर लावून कापडाने पुसावा. पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर मधला टोनही गडद भासतो, हात घाबरतो आणि सावल्या फिक्या राहतात. तो थर वाळल्यावर तपकिरी-काळ्यातच सगळी छाया बसवावी. मूळ चित्र जिथे आहे त्या मॉरित्सहाउस संग्रहालयाच्या तपासणीत व्हर्मिअरनेही सुरुवात अशीच केल्याचे दिसले आहे. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग फार सावकाश. म्हणून काळा तळाशी जाड लावू नये. पहिल्या थरात तेल नको, नुसते टर्पेंटाइन. पुढच्या थरात एक भाग जवसाचे तेल, दोन भाग टर्पेंटाइन; शेवटी निम्मे-निम्मे. हा क्रम उलटला, तर तेलकट तळ हलत राहतो आणि वरचा कोरडा थर तडकतो.

त्वचेत सर्वाधिक घोळ होतो तो पांढऱ्यामुळे. व्हर्मिअरकडे शिशाचा पांढरा होता. तो विषारी असल्याने शिकताना टायटॅनियम व्हाइटच वापरावा. मात्र तो थंड, म्हणजे निळसर छटेचा आहे आणि इतर रंगांना गिळतो. पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि लाल मिसळत बसले की गाल खडूसारखे होतात. आधी ऑकर-लाल कालवावे आणि त्यात पांढरा चिमटीचिमटीने वाढवावा.

नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये मूळ चित्रात रेघच नाही, दोन्ही एकाच रंगात मिसळले आहेत. नवशिका तिथे हमखास रेघ ओढतो आणि चेहरा मुखवटा होतो. मोत्याचेही तेच. त्याला आकडी नाही, पुरती कडाही नाही. वर एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरचे मऊ प्रतिबिंब, एवढेच. बाकीचा मोती बघणाऱ्याचा डोळा पुरा करतो.

पार्श्वभूमी मात्र आज दिसते तशी सपाट काळी नव्हती. काळपट थरावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिजन्य रंगाचा पारदर्शक हिरवा हात होता; तो काळाच्या ओघात विटला. अनुकृती करणाऱ्याने वाळलेल्या काळ्यावर हिरव्याचा पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, देऊन पाहावा. शेजारचा चेहरा लगेच ऊबदार वाटू लागतो.

आणखी दोन गोष्टी. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. आणि कॅनव्हासच्या मागे ‘व्हर्मिअरवरून’ असे न विसरता लिहावे.

– तैलचित्रणाचा एक शिक्षक