पाच सीटच्या गाडीत पाच माणसं, तरीही ओव्हरलोड

मा. संपादक,
स. न.

साताऱ्यात हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. गावोगावच्या यात्रा उरकल्या की जावळी-पाटणकडची मुंबईकर मंडळी परतताना हवा भरायला थांबतात. डिकीत इंद्रायणीचे कट्टे, ज्वारी, गुळाच्या ढेपा. वर कॅरिअरवर बॅगा. परवा अशीच एक गाडी आली. मागून इतकी बसलेली की टायर आणि मडगार्डमध्ये बोट जाईना. आतल्या पत्र्याला रबराचा काळा भुगा चिकटलेला. मालकांना दाखवलं, तर म्हणाले, "पाच सीटची गाडी, पाचच माणसं. ओव्हरलोड कसली?"

असं म्हणणारे रोज भेटतात, म्हणून हे पत्र. गाडी किती वजन पेलते ते सीट मोजून किंवा डिकीतली जागा बघून कळत नाही. साधी वजाबाकी करावी लागते. माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन किती चालेल, हे गाडीच्या पुस्तकात असतं; बऱ्याच गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवरही असतं. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर असतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतं ते तुमचं. त्यात ड्रायव्हरसुद्धा आला.

समजा, एका छोट्या गाडीचे हे आकडे १३४० आणि ८५० किलो आहेत. उरले ४९०. सरासरी ६५ किलोची पाच माणसं म्हणजे ३२५. राहिले १६५. सीएनजी नंतर बाहेरून बसवला असेल आणि आरसीवर वजन जुनंच असेल, तर लोखंडी टाकीचे साठेक किलो आणखी गेले. मग शंभरेक किलोच उरतात. तांदळाचे पन्नास किलोचे दोन कट्टे टाकले की हिशोब संपला. कपड्यांच्या बॅगा, गूळ, ज्वारी सगळं वरचं. कॅरिअरची मर्यादा तर वेगळी आणि बरीच कमी असते, तीही पुस्तकात बघा.

टायरवरही भाराचा आकडा असतो. मापाच्या शेवटी ८१ असेल तर तो टायर ४६२ किलो पेलतो, पण हवा पुरेशी असेल तरच. चार टायरचा गुणाकार करून खूश होऊ नका, कारण डिकीतलं ओझं जवळजवळ सगळं मागच्या दोन टायरवर येतं. हवा कमी आणि ओझं जास्त असलं की टायर आतून तापतो, आणि उन्हाळ्यातल्या डांबरावर तो फुटायला वेळ लागत नाही. म्हणून दारावरच्या स्टिकरवर भरल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा दिलेला असेल, तर निघण्याआधी तेवढी हवा भरा. "नेहमीची तीस टाका" म्हणू नका. पुढं बोरघाट उतरायचा असतो, तिथं ब्रेकही तापतात. शिवाय गाडी मागून बसली की हेडलाइट वर होतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. बिचाऱ्याला काही दिसत नाही.

शंका असेल तर गाडी भरून वजनकाट्यावर घाला. नंतर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून बघा, मागं किती भार आलाय ते लगेच कळेल.

माझी मागणी एवढीच आहे. कंपन्यांनी ही वजाबाकी करून "माणसं आणि सामान मिळून इतके किलो" असा एकच आकडा मराठीत, ठळक, ड्रायव्हरच्या दारावर छापावा. नवी गाडी ताब्यात देताना शोरूमवाल्यांनी तो दाखवावा. परिवहन खात्यानं तसं बंधनकारक करावं.

– एक टायर दुकानदार, सातारा