लेझर म्हणजे कात्री नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लेझरवरचा लेख आवडला. पण 'आता रेणूतला हवा तो बंध लेझरने अलगद तोडता येतो' या वाक्यापाशी मी अडखळले. १९७०च्या दशकात बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी हेच स्वप्न पाहिलं होतं आणि ते बहुतांशी फसलं. का फसलं, हे लेखात यायला हवं होतं. खरी गंमत तिथेच आहे.

कार्बन-हायड्रोजन बंधाला नेमक्या वारंवारितेचा प्रकाश दिला तर तो ऊर्जा घेतो, पण धरून ठेवत नाही. मी मिरजेची. इथे सतारमेकरांच्या दुकानात कधीही डोकवा. वरची तार छेडली की खालच्या तरफांपैकी त्या सुराला लागलेली तार आपोआप झंकारते, बाकीच्या गप्प. रेणूतही असंच. हा बंध ताणला जाण्याची वारंवारिता तो वाकण्याच्या वारंवारितेच्या साधारण दुप्पट असते, म्हणजे एका सप्तकाच्या अंतराने सूर जुळतो. म्हणून ताणाची ऊर्जा आधी वाकण्यात उतरते आणि तिथून कार्बनच्या सांगाड्यात. वाटा काही कमी नाहीत: बेंझीनच्या १२ अणूंना कंपनाचे ३० प्रकार, अँथ्रासीनच्या २४ अणूंना ६६.

याला वेळ किती लागतो? १९७०च्या सुमारास अमेरिकेत सिएटलला रसायनशास्त्रज्ञ रॅबिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने तीन-तीन कार्बनची दोन कडी जोडलेला रेणू घेतला. त्यातलं एक कडं क्रियेतून नुकतंच तयार झालेलं, म्हणून सुरुवातीला ऊर्जा त्यातच. ती दुसऱ्या कड्यात पसरायला लागला सुमारे एक पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. बंध तुटायला सहसा याहून जास्त वेळ लागतो. तोवर ऊर्जा सगळीकडे वाटली गेलेली असते आणि तुटतो तो बहुधा सर्वात कमकुवत बंध. नेम कुठेही धरलेला असो!

लेखातलं सल्फर हेक्साफ्लोराइडचं उदाहरण बरोबर आहे, पण तिथे निवड समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची) होते. म्हणजे लेझर अमुक वजनाचा अणू असलेले रेणू निवडतो. रेणूच्या आतल्या बंधाची नव्हे.

ऊर्जा गेली की गेलीच, असंही नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवेल यांनी अतिथंड, एकमेकांवर न आदळणाऱ्या अँथ्रासीनच्या रेणूंवर लेझरचे स्पंद सोडले. रेणूंतून परत येणारा एका तरंगलांबीचा प्रकाश वाढे तेव्हा दुसऱ्या तरंगलांबीचा मंदावे, मग उलट. ऊर्जा दोन कंपनांमध्ये ये-जा करत होती. ऊर्जा आणखी वाढवली तेव्हा मात्र ती पसरली आणि परतली नाही. (झेवेल यांना १९९९चं नोबेल मिळालं ते पुढच्या फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या, कामासाठी.)

लेखकाला अपवादच हवा असेल तर तोही आहे. पाण्यातल्या एका हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (दुप्पट जड हायड्रोजन) असलेला रेणू घेऊन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्लेमिंग क्रिम यांनी १९९०मध्ये त्याचा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध कंपित केला. मग त्यावर हायड्रोजनचा अणू आदळला की तोच बंध तुटे, ड्युटेरियमचा जवळजवळ नाहीच. इथे अणू तीनच आणि दोन्ही बंधांच्या वारंवारितांत मोठी तफावत, म्हणून ऊर्जा दिल्या जागी टिकते. लेखमालेच्या पुढच्या भागात हा प्रयोग यावा, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका (रसायनशास्त्र), मिरज