हिशेब शेवटच्या पाळीपासून

संपादक महोदय,

शिकणाऱ्या मुलीला ध्यानीमनी नसताना दिवस गेले की ती आठवडे संबंधाच्या दिवसापासून मोजते. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकते त्याच दिवशी साधारण ४ आठवडे भरलेले असतात. तिच्या हिशेबाने ६ तेव्हा कागदावर ८. पुढचे मार्ग याच आकड्यावर ठरतात, म्हणून कॉलेजांनी फलकावर उपदेशाआधी हा हिशेब लावावा.

लघवीची चाचणी पाळी चुकल्याच्या दिवसापासून करता येते. पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर २१ दिवसांनी. लघवी सकाळची पहिली घ्यावी. घाईने आधीच पाहिलं, किंवा भरपूर पाणी पिऊन केली, तर गर्भ असूनही एकच रेघ येऊ शकते आणि मुलगी निर्धास्त होते. तरीही पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा करावी. नुसते डाग दिसले म्हणजे पाळी आली असं नव्हे. आणि संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गर्भनिरोधक गोळी गर्भ राहिल्यावर काहीच करत नाही.

मैत्रिणीने आणून दिलेल्या गर्भपाताच्या गोळ्या परस्पर घेण्याची आम्हाला फार काळजी वाटते. गर्भ गर्भाशयात न राहता बीजवाहक नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो निघत नाही, नळी फुटू शकते. एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाशी कळ, भोवळ, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील तरीही. घेतलेल्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नयेत.

गर्भपात, मूल वाढवणं की दत्तक देणं, हे तिनेच ठरवायचं. निर्णय होत नसेल तोवर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावं. ते घेतलं म्हणून ती कशालाच बांधली जात नाही. दत्तकासाठीही आईची संमती मूल जन्मल्यावरच घ्यायची असते.

कॉलेजने काय करावं? रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ एवढं पुरे मानावं, प्रमाणपत्रावर निदान मागू नये. चुकलेली प्रात्यक्षिकं आणि परीक्षा पुन्हा कधी देता येतील हे तिला लेखी कळवावं. हजेरीपट, वसतिगृह, परीक्षा विभाग अशा तीन खिडक्यांवर तेच सांगायला लावण्याऐवजी एकाच व्यक्तीकडे हे काम सोपवावं आणि त्या व्यक्तीचं नाव वर्गावर्गात आधीच जाहीर करावं.

– विद्यार्थिनींसाठी काम करणारे समुपदेशक