ताईची सही घेऊ नकोस

बाळा,

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून हे टाइप करतेय, लांब झालंय पण सवडीने पूर्ण वाच.

बाबांच्या जमिनीवर वारस नोंद झाली की लगेच ताईचं हक्कसोड पत्र, म्हणजे तिने आपला हिस्सा सोडल्याचा कागद, करून घेऊ, तिची काही हरकत नाही, सगळेच करतात, असं काका म्हणाले आणि तुलाही ते पटलं. अरे ती हरकत घेणारच नाही! भावाच्या तोंडावर नाही म्हणणारी पोरगी आपल्या भावकीत मी तरी बघितली नाही. जमीन गेल्याचं तिला काही वाटत नाही असं नसतं, पण माहेर तुटलं तर उद्या काही बरंवाईट झाल्यावर कुणाच्या दारात जायचं ही भीती असते ना, त्यापायी बायका सही करतात. तिला ह्या पेचात टाकूच नकोस.

माझं लग्न 1993 चं. महाराष्ट्राने 1994 ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधीच झालेली त्यांना वगळलं, म्हणजे एका वर्षाने मी हुकले. 2005 ला केंद्राने कायदा बदलला तेव्हा कुठे आमच्यासारख्यांचा नंबर लागला. आणि मग तुझे आजोबा गेल्यावर मामा मला जीपने तालुक्याला रजिस्ट्री ऑफिसला घेऊन गेले, फोटो, अंगठा, सही, झालं काम, येताना हॉटेलात जेवण आणि एक साडी. जमीन किती, कुठली, कागदात काय लिहिलंय, कुणी सांगितलं नाही. बाकावर माझ्यासारख्या अजून दोघी-तिघी बसलेल्या, त्यांचेही भाऊ बाहेर चहा पीत होते. नंतर बाबांचं आजारपण निघालं तेव्हा त्याच भावांकडे पैशासाठी शब्द टाकायला लागला, दिले त्यांनी, पण चार गोष्टी ऐकवून दिले.

आता तर 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलंय की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, 2005 ला वडील हयात होते का नव्हते ह्याने फरक पडत नाही. कायद्यात काही अडत नाहीये, अडतंय ते आपल्या घरात.

लाडकी बहीणचे 1500 खात्यात येतात ते चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही. पण खुरपणी, वेचणी, दूध काढणं सगळं बायकांनी करायचं आणि सातबारा पुरुषाचा, मग पीककर्ज त्याला, पीएम किसानचे वर्षाचे 6000 त्याला, गारपिटीची भरपाईही त्याच्याच खात्यात. नवरा गेला की बाईच्या चकरा सुरू, मी बाबांच्या मागे तेच करतेय, बघतोयस ना तू. 1986 ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखावर बायका जमल्या होत्या, पुढे लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत संघटनेचे नेते शरद जोशींनी गावोगाव पुरुषांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. म्हणजे शिकल्यासवरल्या लोकांनी नाही, साध्या शेतकऱ्यांनी केलं हे, आणि तू पुण्यात राहून काकांचं ऐकतोस याचं मला खरंच वाईट वाटलं.

काकांना मी सांगेन, ते रागावतील, रागावू देत.

तलाठ्याकडे वारसाच्या अर्जावर माझं, ताईचं आणि तुझं अशी तिन्ही नावं दिलीयत. फेरफारची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस निघाली की 15 दिवस हरकतीसाठी असतात, तेवढ्यात कुणाच्या सांगण्यावरून कसलाही कागद करायचा नाही. ताईला मी फोन केलाय, सही मागितली तर आधी मला विचार म्हणून सांगितलंय. ती रडली आणि म्हणाली भावाला वाईट वाटेल. म्हणून तिला तू स्वतः फोन कर, आजच कर.

आणि पुढच्या शनिवारी येशील तेव्हा सूनबाईचं आधार कार्ड घेऊन ये. 1992 पासून सरकारचंच परिपत्रक आहे, नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, तर वारस नोंद झाली की तुझ्या नावासोबत तिचंही लावायला काय कागद लागतात ते तेव्हाच विचारून घेऊ.

तुझी आई